निंबाच्या नावाची घागर

रात्री तापीच्या अंगाने वादळ आलं आणि पहाटेपर्यंत लोधीपुऱ्यातल्या पत्र्यांनी कुणाचा डोळा लागू दिला नाही. पाऊस म्हणाल तर चार टपोरे थेंब, बाकी सगळी धूळ. सकाळी अंगणात लिंबाचा पाला, कुणाच्या गच्चीवरची चादर आणि एक अनोळखी चप्पल येऊन पडली होती. ऊन अजून भिंतीच्या वर चढलं नव्हतं, तरी हवा भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखी. वैशाख लागला की बुऱ्हाणपुरात असंच असतं.

नळ आला होता. दिगंबर वाणी सर ओट्यावर पाटावर बसून एकेक भांडं नळीखाली सरकवत होते. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात बनियन, कमरेला लुंगी, चष्मा कपाळावर. ह्या माणसाच्या पद्धतीने जपानात आणि ब्राझीलमध्ये लोक प्रयोग करतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. कोपऱ्यावरचा मावा जिलेबीवाला गोटू एवढंच म्हणायचा, "सर, तुमची रिॲक्शन जपानपर्यंत पोचली, अन् कॉलेजच्या लॅबमध्ये नळाचं पाणी नाही पोचलं."

"काहो," आतून शारदाबाई ओरडल्या, "पाणी भरून राहिले का झोपून राहिले? बादली वाहून चालली."

"बघून राहिलो."

"काय बघून राहिले?"

"वादळ लई झालं. केळी पडली असतील."

"हौ, पडली असतील. लोक बिचारे डोक्याला हात लावून बसतील, अन् तुम्ही पिशवी घेऊन राख मागायला जाल."

सरांनी बादली बाजूला सरकवली. ओट्याच्या कडेला दोन कोऱ्या घागरी उपड्या घालून ठेवल्या होत्या. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवायची, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकायची, हा इकडचा रिवाज. एक घागर सरांच्या वडिलांची, एक आईची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिसरीही यायची.

शारदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याची नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. "दोनच आणल्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाले होते."

"हो. मीच म्हणालो होतो."

*

तिसरी घागर निंबाची होती.

निंबा आणि दिगंबर एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, त्याला जमाना झाला. निंबा डोईफोडिया गावाकडचा. आईबाप लहानपणी गेलेले, मावशीने वाढवला, लग्न काही जमलं नाही, म्हणून जेवायला कायम दिगंबरकडे. बोलणं पक्कं खान्देशी. वर्गात पोरं हसायची तरी त्याने कधी पुण्याची मराठी आणायचा खटाटोप केला नाही. त्याची मावशी धुणं केळीच्या राखेच्या पाण्यात भिजवायची. त्यावरूनच एकदा चहा पिता पिता तो म्हणाला होता, "दिगंबर, कपडाना मळ जास, तर रेणूना सांधा का नही जुळाव?"

सेंद्रिय रसायनातला हा मोठा कारभार असतो. दोन रेणू जवळ आणायचे आणि कार्बनला कार्बन जोडायचा. औषधं, रंग, फवारणीची द्रव्यं अशाच सांध्यांवर उभी असतात. त्यासाठी लोक परदेशी क्षार आणि जहरी द्रावणं वापरायचे. ह्या दोघांनी चिमूटभर धातू घेतला आणि बाकी सगळं केळीच्या राखेच्या गाळलेल्या पाण्यात घातलं. सांधा जुळला. एकदा नाही, दहादा जुळला. पहिला निबंध परदेशी नियतकालिकाने छापायला घेतला, तेव्हा निंबाने गोटूच्या बापाकडून किलोभर जिलेबी आणून सगळ्या स्टाफला चारली.

त्याच पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी उतारा, मग झाडपाला, मग सरकारी दवाखाना. पण तोवर उशीर झाला होता. छापील निबंध पोस्टाने आला तेव्हा तेरावं उरकलं होतं. वर दोन नावं होती, शेजारी शेजारी.

दुसऱ्या निबंधातले निम्मे प्रयोग निंबाच्याच हातचे, म्हणून त्याचं नाव लावणं हक्काचंच होतं. तिसऱ्यातली कल्पना त्याची. चौथ्याच्या वेळी दिगंबर सरांनी कागदावर एकट्याचं नाव लिहून पाहिलं आणि त्यांना जेवणाच्या पंगतीत शेजारचं पान उचलल्यासारखं वाटलं. त्यांनी परत दोन नावं लिहिली. पुढे तो रिवाजच पडला. दरवर्षी आखाजीच्या आगेमागे एक निबंध निघायचा, शारदाबाई तिसरी घागर भरायच्या आणि सर दुसरं नाव लिहायचे. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटायचा नाही.

निबंध विसाच्या पुढे गेले. दुसरे संशोधक आपल्या कामाच्या तळाशी त्यांचा उल्लेख करू लागले. आधी दोन-चार, मग शेकड्यांनी. 'बुऱ्हाणपूरची राख' असं त्या पद्धतीला नावच पडलं. कुणा कारखान्याने एका औषधाची एक पायरी त्याच पद्धतीने बसवली. आणि त्या सगळ्या उल्लेखांत निंबा जिवंत होता, दरसाल थोडा अधिक नामांकित. विद्यार्थी विचारायचे, निंबा सर कुठे असतात? सरांनी एकदा सांगून टाकलं, "डोईफोडियाकडे असतात. शेतावर. कुणाला भेटत नाहीत." डोईफोडिया तसं लांब, मुद्दाम बघायला जाणार कोण? नियतकालिकं प्रत्येक लेखकाचा मेलचा पत्ता मागू लागली तेव्हा सरांनी निंबाच्या नावाने एक पत्ताही उघडला. लेखकाची संमती विचारली की त्यातून 'हो' म्हणायचं आणि बंद करायचं.

मागच्या आखाजीला मात्र ते 'हो' दाबताना त्यांचं बोट अडलं. नवा निबंध स्नेहलच्या जोडीने होता. स्नेहल ह्याच गल्लीतली, त्यांचीच विद्यार्थिनी, आता पुण्याच्या एका संस्थेत कच्च्या नोकरीवर. ह्या साली जेठात पक्क्या जागेची मुलाखत, आणि तिचा सगळा भरवसा ह्या एका निबंधावर. उद्या कुणी उकरून काढलं की दुसरा लेखक कधीच मेलाय, तर सरांचं काय जायचं ते जाईल, पण पोरीचं तोंड काळं होईल.

"पुरे झालं," ते त्या दिवशी शारदाबाईंना म्हणाले. "निंबाचं नाव आता लावायचं नाही. घागर पण नको. माणूस गेला तर गेला म्हणावं."

त्या दिवसापासून राखेने दगा दिला. तीच कृती, तेच हात, तोच फ्लास्क. पण सांधा जुळेना. दर खेपेला तळाशी काळं, चिकट डांबर. वर्षभर हेच, आणि निबंधातले शेवटचे प्रयोग तसेच अडून. सर शास्त्राचे माणूस, त्यांनी धातू बदलला, काचेची भांडी बदलली, पाणी तीनदा उकळलं. नाव गाळलं म्हणून रिॲक्शन बिघडते असं त्यांनी स्वतःशीही कधी म्हटलं नाही. पण एकदा फ्लास्क धुताना त्यांना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं, आणि मागे न वळताच ते म्हणाले, "तुझं नाव मी रागाने नाही रे काढलं." मग स्वतःच्याच आवाजाने दचकले.

*

पाणी भरून झाल्यावर सर स्कूटरवर केळीवाल्या योगेंद्रच्या शेतात गेले. तापीकाठची ती केळीची बाग अर्धी आडवी झाली होती. हिरवे खांब एकावर एक पडलेले, पानं फाटून चिंध्या. योगेंद्र बांधावर उकिडवा बसला होता. त्याच्या बापापासून हे दोघे इथूनच राख नेत आलेले.

"घ्या सर," तो उठला. "राखेला तोटा नाही. मागच्या साली वादळात पडलं ते सगळं वाळवून जाळलं, दोन पोती भरली. पुढच्या सालाची सोय हे बघा, रात्री झाली." आणि तो हसला, पण हसू ओठांतच राहिलं.

निवृत्तीनंतर कॉलेजने सरांना मागच्या अंगाची एक खोली वापरू दिली होती. तिथे त्यांनी राख भिजवली, गाळली आणि प्रयोग लावला. दुपारपर्यंत फ्लास्कमधलं पाणी चहासारखं झालं, मग काळं. परत डांबर.

दार वाजलं. स्नेहल होती. आखाजीला माहेरी आलेली, हातात आंब्याची पिशवी, कपाळावर घाम.

"सर! घरी गेले तर काकू म्हणे इथे आहेत. काय गर्मी आहे यार!" ती पंख्याखाली उभी राहिली आणि तिने फ्लास्क पाहिला. "फिर से?"

"परत."

"मग मी बरोबर वेळेवर आले. सर, रागावू नका हं. तुम्ही म्हणाले ना, निंबा सरांचं नाव काढायचं. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, न विचारता नाव कसं काढायचं? म्हणून मी त्यांना मेल टाकला. माफी मागितली, आणि आपली रिॲक्शन बिघडते तेही लिहिलं."

सर तिच्याकडे वळले. "मग?"

"मग काय, दोन दिवसांत उत्तर! किती गोड आहेत हो ते." तिने मोबाइल काढला आणि हसत वाचू लागली, "'बाई, घड दियेल खांबनीच राख ले. पडेल केयनी नको लेऊ. पानी जीभले लाईसन दख. चटका बसना का समज, जमनं.' सर, राख जिभेला लावून बघायची! आम्हाला तर तुम्ही लॅबमध्ये शेंगदाणा खाऊ द्यायचे नाही."

सरांनी मोबाइल घेतला. अक्षरं इंग्रजी, बोल खान्देशी. पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनीच उघडलेला. निंबा राखेचं पाणी नेहमी जिभेच्या टोकाला लावून बघायचा. दिगंबर सर त्यावरून त्याला शिव्या घालायचे. हे कुठल्याही निबंधात नव्हतं. कुठल्याच विद्यार्थ्याला माहीत नव्हतं.

"खाली अजून आहे," स्नेहल म्हणाली.

खाली एकच ओळ होती. 'सरले सांगजो, नाव नको ते नको. पन पानी भरजो.'

"पाणी कशाचं, सर? राखेचं?"

"हो," सर म्हणाले. "राखेचंच असेल."

स्नेहलला त्यांनी काही निमित्त काढून घरी पाठवलं आणि जुन्या संगणकासमोर बसले. निंबाचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं की हा पासवर्ड वर्षभरापूर्वी बदलला आहे. त्यांनी परत टाकला. परत तेच. वर्षभरापूर्वी म्हणजे मागची आखाजी.

त्यांना पहिली भीती वाटली ती स्वतःची. थोरल्या भावाची स्मृती ह्याच वयात गेली होती; जेवून उठायचा आणि म्हणायचा, मला वाढलं नाही. आपणच लिहिलं असेल, आपणच पासवर्ड बदलला असेल, आणि विसरलो असू? ही भीती खरं तर बरी होती. तिला कारण होतं, औषध होतं, डॉक्टर होता. सर बराच वेळ तिला धरून बसले. पण एक गोष्ट त्या हिशोबात बसेना. खान्देशी त्यांना कळायची, लिहिता यायची नाही. आणि पडलेल्या केळीची राख चालत नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. माणूस आपलं जाणलेलं विसरू शकतो. आपल्याला कधी माहीत नव्हतं ते दुसऱ्याला लिहून कसं कळवेल?

खिडकीबाहेर गरम लू सुटली होती. कागद हलत होते. खोलीत राखेचा ओला वास होता, निंबाच्या मावशीच्या अंगणात यायचा तसा.

त्यांनी योगेंद्रला फोन लावला. "घड कापून घेतल्यावर जे खांब जाळतोस, त्याची राख आहे का रे कुठे?"

"त्याची? आमच्या बायकोने, प्रतिभाने, भांडी घासायला डबा भरून ठेवलाय. दोन सालाचा जुना आहे. का हो?"

"पाठव. आत्ताच्या आत्ता."

डबा आला. राख पांढुरकी, मऊ, पोत्यातल्या राखेहून हलकी. सरांनी ती भिजवली, गाळली. मग दार लोटून घेतलं, बोट बुडवलं आणि जन्मात पहिल्यांदा प्रयोगाचं पाणी जिभेच्या टोकाला लावलं. चरचरीत चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पोत्यातल्या राखेचं पाणीही चाखलं. ते नुसतं खारट होतं.

कारण समोर होतं, अगदी साधं. फळ न धरता आडव्या झालेल्या झाडाचे क्षार वेगळे. वर्षभर नेमकी तीच राख वापरली, म्हणून डांबर. नावाचा काही संबंध नव्हता. शास्त्राची लाज राहिली. सरांना हायसं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी त्यांनी फ्लास्कमधला थेंब काचपट्टीवर चढवला आणि निळ्या दिव्याखाली धरला. एकच ठिपका, स्वच्छ, वर गेलेला. सांधा जुळला होता. खोलीत ते एकटेच होते, तरी त्यांनी पट्टी जरा बाजूला धरली, शेजारच्यालाही दिसावी म्हणून. निंबा असायचा तेव्हा ते तशीच धरायचे. हात तसाच अधांतरी राहिला.

*

आखाजीच्या सकाळी स्नेहल नटून आली. शेजारच्या कडुलिंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. चुलीवर पुरण शिजत होतं. सरांनी तिला ओट्यावर बसवलं आणि जुळलेल्या सांध्याची पट्टी दाखवली. ती उडीच मारायची बाकी होती.

"जमलं! सर, जमलं! आता माझी मुलाखत... चला, आपण निंबा सरांना भेटायला जाऊ. आज सण आहे, पेढे घेऊन जाऊ. डोईफोडिया किती लांब आहे?"

"बाळ, बस जरा." सरांनी चष्मा पुसला. "निंबा सर नाहीत. तू शाळेत पण जात नव्हतीस तेव्हा गेले. तापीच्या घाटावर मीच खांदा दिलाय."

स्नेहल हसली. मग सरांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तिचं हसू विझत गेलं.

"पण सर... मेल?"

"तो पत्ता मी उघडला होता. पण हे मी लिहिलेलं नाही. पासवर्ड पण माझ्याकडे नाही आता."

"कुणी हॅक केलं असेल." ती घाईघाईने म्हणाली. "कुणीतरी मजाक करत असेल."

"असेल. पण मजाक करणाऱ्याला ती राख कशी माहीत? मला नव्हती माहीत."

हातातला मोबाइल तिने पालथा करून ओट्यावर ठेवला आणि जरा लांब सरकवला. झोक्यावरच्या पोरी मोठमोठ्याने गात होत्या. इकडे नळाची धार तेवढी ऐकू येत होती.

"मग आता नाव?" तिने शेवटी विचारलं.

सर रात्रभर ह्याच प्रश्नाचा विचार करत पडून होते. "इतकी वर्षं त्याने काही केलं नव्हतं तरी मी त्याचं नाव लावलं. ते खोटं होतं. ह्या खेपेला त्याने केलंय. त्याच्यावाचून हा निबंधच नाही. आता नाव गाळलं तर ती चोरी."

"पण सर, संमतीचं काय? मेलेला माणूस..."

"नावापुढे बारीक खूण असते ना, दिवंगत म्हणून. ती लावायची. वारल्याची तारीख खरी द्यायची. ती वाचून नियतकालिकवाले जुन्या निबंधांबद्दल विचारतील तर मी उत्तर देईन. तू काही लपवलं नाहीस, असं मी आजच त्यांना लिहून कळवतो. तुझ्यापर्यंत काही येऊ देणार नाही."

"आणि राखेचं कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर?"

सर परत चष्मा पुसू लागले.

शारदाबाई केव्हाच्या दारात उभ्या होत्या. हातात लाटणं, गालाला पीठ. "काय विचारायचंय त्यात?" त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं जेवला तो इतकी वर्षं. अन् मागच्या साली ह्यांनी त्याची घागर बंद केली. वर्षभर तहानलेला माणूस, निरोप नाही धाडणार तर काय करणार? मी म्हणे, भला माणूस, नुसतं पाणी मागितलं." असं म्हणून त्या आत गेल्या, पोळी करपत होती.

स्नेहलने पालथ्या मोबाइलकडे पाहिलं. "पाणी भरजो," ती अगदी हळू म्हणाली. "सर, ते राखेचं नव्हतं."

"नव्हतं."

नवी घागर आता कुठून आणणार? कुंभार सणाला दुकान बंद करून गेलेला. सर उठले आणि माळ्यावरून दोन वर्षांपूर्वीची तिसरी घागर काढली. तिच्यात कोळ्याने घर केलं होतं, तळाशी धूळ होती. त्यांनी मूठभर राख घेतली, प्रतिभाच्या डब्यातली, आणि घागर आतून-बाहेरून चोळून घासली. विसळली. परत विसळली.

"काहो," आतून आवाज आला, "नळ जायची वेळ झाली. भरून घ्या लवकर."

"भरून राहिलो," सर म्हणाले, आणि त्यांनी घागर धारेखाली सरकवली.